मुलाण्याची सुरी

आमच्या घरात बोलणं कमी आणि फेकणं जास्त. मी लग्न होऊन लोणावळ्याला आले त्याच आठवड्यात मामंजींनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, भाकरी करपली म्हणून तापलेला तवा अंगणात भिरकावला. सासूबाईंनी तो गार होऊ दिला, उचलून आणला, चुलीवर ठेवला आणि दुसरी भाकरी थापायला घेतली. दोघंही एक शब्द बोलले नाहीत. माहेरी मला शिव्यांची सवय होती, पण शिवी लागून कुणाचं डोकं फुटत नाही. इथं वेळेवर वाकायला शिकावं लागलं. पहिल्या वर्षी मी वाकायला शिकले आणि दुसऱ्या वर्षी फेकायला.

आम्ही खाटीक. लोणावळ्याच्या बाजारात आमचं मटणाचं दुकान. बंगल्यांवरचे खानसामे, रेल्वेच्या चाळीतली माणसं, आणि बाजाराच्या दिवशी आसपासच्या गावांतले शेतकरी, असं सगळं गिऱ्हाईक. मामंजी गेले, पाठोपाठ माझा नवरा तापात गेला, आणि तागडी माझ्या हातात आली. घरात पुरुष म्हणायला एकटा धाकटा दीर उरला. अंगाने पैलवान, सत्तूर एकदा उचलला की मांडीचं हाड एका घावात दोन व्हायचं. डोकं मात्र कायम चुलीवर ठेवलेलं. मी तागडीशी, दीर हाडं तोडायच्या ओंडक्याशी, आणि माझ्या दोन लहान मुली मागच्या खोलीत. लोक म्हणायचे, बाईमाणसाने मटण तोलणं बरं दिसत नाही. मी म्हणायचे, उपाशी मरणं फार शोभून दिसतं का?

पण दुकान खरं चालायचं ते मुलाण्यावर. मावळात तेव्हा बोकड मुलाण्यानेच कापायचा. खाणारे हिंदू, विकणारे आम्ही हिंदू, जत्रा हिंदू देवीची, पण बोकडाच्या मानेवर सुरी फिरवायची ती मुसलमान मुलाण्याने, आणि फिरवताना त्याच्या देवाचं नाव घेऊन. तसं झालं नसेल तर ते मटण कुणी चुलीवर चढवायचं नाही. का, ते कुणी विचारलं नाही. आजा खात नव्हता म्हणून बाप खात नव्हता आणि बाप खात नव्हता म्हणून लेक. दुकानात पाऊल टाकायच्या आधी गिऱ्हाईक विचारायचं, ‘मुलाण्यानंच कापलंय न्हवं?’ आणि मी म्हणायचे, ‘व्हय बाबा, त्यो काय बसलाय.’ तो कोपऱ्यात सुरी पुसत बसलेला असायचा. एवढं दिसलं की पुरे व्हायचं.

आमचा मुलाणी मूळचा तळेगावजवळच्या इंदुरीचा. त्याचा बाप इंदुरीत गावचा मुलाणी, आणि हा पोरवयातच मामंजींकडे आला होता. दीर आणि तो बरोबरीचे. दोघं भुशीच्या पाण्यात पोहायला शिकले. एकदा दीर बुडत होता तेव्हा याने त्याला केसांना धरून ओढून काढलं होतं. दीर ते उपकार म्हणून सांगायचा नाही, केस उपटल्याची तक्रार म्हणून सांगायचा. माझा नवरा गेला त्या वर्षी भाऊबीजेला मुलाणी दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, ‘आक्का, वोवाळ.’ तेव्हापासून मी त्याला भाऊ म्हणायचे, आणि नुसतं तोंडाने नाही.

गळे कापणारा हा माणूस आमच्या घरात सगळ्यात मऊ होता. जनावराला आधी पाणी पाजायचा. सुरी त्याच्या डोळ्यांसमोर काढायचा नाही. एका जनावराच्या देखत दुसरं कापायचा नाही. माणसांची गर्दी तर त्याला मुळीच खपायची नाही. ‘हितं काय तमाशा हाय व्हय?’ म्हणून सगळ्यांना हाकलायचा. जत्रेलासुद्धा बोकडं गावाबाहेर ओढ्याच्या खळग्यात न्यायचा आणि एकटाच कापायचा. हात एकदाच फिरायचा. त्याच्या हाताखाली जनावर ओरडलेलं मी कधी ऐकलं नव्हतं.

दुसरं मोठं युद्ध सुरू व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. चैत्र लागला होता आणि लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या गावदेवीची जत्रा तोंडावर आली होती. औंढ्यात मुलाण्याचं घर नाही, म्हणून जत्रेची सगळी बोकडं दरवर्षी आमच्या दुकानाच्या अंगावर. पहिला दिवस गोडाचा, दुसरा दिवस बोकडाचा, आणि त्या दुसऱ्या दिवशी गावच नाही तर गावच्या माहेरवाशिणी, जावई, पाहुणे सगळे एका पंगतीला. एका भरल्या दुपारी दुकान धुऊन झालं आणि मुलाणी माझ्यासमोर येऊन उभा राहिला.

‘आक्का, बा गेल्यापासनं इंदुरीत सुरी बंद हाय. गावानं सांगावा धाडलाय. म्या न्हाई गेलो तर दुसऱ्या गावचा मुलाणी आणून बसवत्याल. आज्या-पणज्यापासनं आमचं हाय त्ये. मला जाया पायजे.’

माझ्या हातात शेराचं वजन होतं. ते मी फेकलं. ते त्याच्या कानाजवळून गेलं आणि दाराच्या चौकटीचा ढलपा उडाला. त्याने वजन उचललं, सदऱ्याला पुसलं आणि तागडीच्या पारड्यात आणून ठेवलं.

‘लागलं आसतं की, आक्का.’

‘लागायलाच फेकलं होतं,’ मी म्हटलं.

तो हसला. म्हणाला, ‘औंढ्याची जत्रा माज्या तोंडची हाय. शब्द दिलाय. ती उरकतो, मगच जातो.’

राग ओसरल्यावर मला कळलं की तो काही चुकीचं मागत नव्हता. चार पिढ्यांची सुरी कोण सोडेल? मामंजींचा एक नियम होता: दुकान सोडून जाणाऱ्याला पोटभर जेवू घालून पाठवायचं. उपाशी गेलेला माणूस वैरी होतो, म्हणायचे. मी तळेगावकडे दुसऱ्या मुलाण्याची चौकशी सुरू केली, जत्रेनंतरच्या जेवणाचा बेत मनात ठरवला. माझ्या बाजूने गोष्ट मिटली होती.

दिराची मिटली नव्हती. तो चार दिवस कुणाशी बोलला नाही. सत्तूर असा चालवायचा की हाडाचे चुरे मटणात यायचे आणि गिऱ्हाईक माझ्याशी भांडायचं. मला वाटलं, दोस्त जातोय म्हणून फुगलाय, उतरेल. जत्रेच्या बोकडांच्या आदल्या दिवशी मी मागे मुलींच्या वेण्या घालत होते आणि दुकानातून काहीतरी आदळल्याचा आवाज आला.

मी धावत गेले. मुलाणी आपल्या बापाची सुरी उद्याच्या कामासाठी फडक्यात गुंडाळत होता आणि दीर त्याच्या पुढ्यात उभा. तोंडाला दारूचा वास.

‘सुरी ठिव. दुकानाची हाय ती.’

‘माज्या बाची हाय. तुलाबी ठावं हाय.’

‘तू जा कुटं जायाचं तितं. सुरी हितंच ऱ्हाईल. लय वर्सं आमचं खाल्लंस!’

आणि त्याने ठोसा मारला. मुलाण्याचा ओठ फाटला. दुसरा ठोसा कानशिलात बसला, तेव्हा त्याचं डोकं ओंडक्यावर आपटलं आणि तो ओल्या फरशीवर पडला. दीर त्याला लाथा घालत होता, बरगडीत, पाठीत, जिथे लागेल तिथे, आणि प्रत्येक लाथेबरोबर एकच म्हणत होता, ‘जातूस? जातूस?’ मुलाणी हात उचलत नव्हता. सुरी त्याच्या मुठीत होती, फडकं सुटलेलं होतं, आणि मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं की मार खाताना त्याने पातं स्वतःच्या पोटाकडे वळवून धरलं होतं. दिराच्या पायाला लागू नये म्हणून. शेवटी दिराने त्याचं मनगट पिरगाळलं आणि सुरी काढून घेतली.

मी खुंटीवरचं बोकडाचं दावं ओढलं आणि दिराला झोडपायला लागले. तोंड, मान, पाठ, काही पाहिलं नाही. तो माझ्या दुप्पट होता, एका हाताने मला उचलून रस्त्यात ठेवू शकला असता. तो तसाच उभा राहिला आणि रडायला लागला. मी दमून दावं खाली टाकलं तेव्हा फरशी रिकामी होती. मुलाणी उठून स्टेशनाच्या वाटेला लागला होता, सुरीशिवाय, उपाशी.

‘ग्येला तर ग्येला,’ दीर नाक पुसत म्हणाला. ‘उद्याची बोकडं म्या कापतो. खळग्यात कोन बगाय येतंय?’

‘एका बोकडाच्या मानेला हात लावलास तर तुझा हात या ओंडक्यावर ठेवून तोडीन,’ मी म्हटलं. आणि मला तसंच करायचं होतं. औंढ्यात असला बोभाटा झाला असता तर मावळातल्या एकाही गावाने आमच्या दुकानाची पायरी चढली नसती. मी आणि दोन मुली काय खाणार होतो?

मग मी ठरवलं. दिराने पहाटे बोकडं घेऊन औंढ्याला जायचं, ती तिथे वेळेत दिसायला हवीत. मी पहिल्या गाडीने इंदुरीला जायचं आणि मुलाण्याला घेऊन यायचं. ‘मी येईस्तोवर गावाला थांबवून ठेवा, भावजी,’ असं मी त्याला दहा वेळा बजावलं. त्याने मान हलवली.

तळेगावला उतरून इंदुरीपर्यंत चालत गेले. ऊन वर यायच्या आत मी गावच्या किल्ल्याजवळच्या त्यांच्या घरापाशी होते. मुलाण्याची आई अंगण झाडत होती. तिने मला पाहिलं, ओळखलं, आणि हातातला खराटा उलटा धरून माझ्या पाठीत घातला.

‘माज्या लेकाच्या तोंडाचं काय केलंय बग, भवाने! मिसरूड फुटलं न्हवतं तवापासनं तुमच्या दारात राबला! कुत्र्यागत मारून धाडलासा!’

वाकायची एवढी सवय, पण त्या दिवशी मी वाकले नाही. तिचे फटके पाठीवर घेतले, दंडावर घेतले. म्हातारीच्या हातात दम नव्हता, पण मला ते लागले. आतून मुलाणी आला. एक डोळा मिटलेला, ओठ सुजून वर आलेला. त्याने आईच्या हातातून खराटा काढून भिंतीला टेकवला.

‘आये, औंढ्याची जत्रा माज्या तोंडची हाय. जाऊन येतो.’

‘ग्येलास तर माज्या दारात येऊ नगंस!’

तो चालू लागला. आम्ही वळणाला पोचलो तोच मागून काहीतरी त्याच्या पाठीवर येऊन आदळलं. त्याचं मुंडासं होतं, गोळा करून फेकलेलं. म्हातारी ओरडत होती, ‘उनाचा जातूस, डोस्क्याला बांद त्ये!’ त्यांच्याकडेही आमच्यासारखंच होतं म्हणायचं.

गाडीत मी त्याच्यापुढे भाकरी आणि ठेचा ठेवला. माफी मागायची आमच्यात पद्धत नव्हती. त्याने भाकरी मोडून अर्धी मला दिली. फाटक्या ओठाला ठेचा झोंबला तेव्हा डोळे मिटून घेतले, पण खाल्लं. मग विचारलं, ‘सुरी कुटं हाय, आक्का?’

‘भावजींकडं.’

‘आन् बोकडं?’

‘ती पण त्यांच्याकडंच.’

त्याने हातातला घास खाली ठेवला. लोणावळ्याला उतरल्यापासून औंढ्यापर्यंत तो असा चालला की मला पळावं लागलं.

वेशीत शिरलो तेव्हाच मसाल्याचा वास आला. देवळामागच्या पटांगणात चुलाणं पेटली होती आणि त्यांवर मोठाल्या कढया रटरटत होत्या. बाया भाकरीची चळत लावत होत्या. काही जण वाटीत रस्सा घेऊन चव बघत होते. दीर चुलाणापाशी उभा होता. त्याने आम्हाला पाहिलं आणि त्याचं तोंड पांढरं पडलं.

त्याने काय केलं होतं ते मला तिथल्या तिथे कळलं, तपशील मागाहून. गावाने घाई केली असणार. त्याने मुलाण्याची ती सवय कामाला लावली होती. मुलाणी खळग्यात पोचलाय, त्याला माणसं चालत नाहीत, कुणी येऊ नका, असं सांगून बोकडं एकेक करून ओढ्यात नेली आणि स्वतःच कापली. वर सांगितलं, मुलाण्याला घाई होती, तो पल्याडच्या वाटेने इंदुरीला गेला. गाव निर्धास्त होतं. आणि मी, एवढी पायपीट करून, पाठीवर खराटा खाऊन, त्याच मुलाण्याला भर पंगतीच्या वेळी वेशीतून चालवत आणला होता. आणला नसता तर गाव जेवून ढेकर देऊन झोपलं असतं.

गावातले एक म्हातारे आबा हातात वाटी घेऊन पुढे आले. ‘मुलाणीबाबा, तू तर सकाळच्यालाच गेलतास न्हवं? आन् तोंडाला काय झालं?’

मुलाण्याने कढयांकडे पाहिलं, मग दिराकडे पाहिलं. खोटं बोलणं त्याला जमलं नसतं, त्याच्या देवाचं नाव त्यात होतं. खरं बोलला असता तर दिराचा जीव गेला असता. तो नुसता उभा राहिला, आणि तेवढ्याने गावाला कळलं.

‘मंग कापलं कुनी?’ आबांची वाटी खाली पडली.

‘आबा, जरा माझं ऐका,’ मी म्हणत होते. पण तोवर कुणीतरी घशात बोटं घालून ओकायला लागलं होतं. एका दणकट बाईने जळणाच्या लाकडाने कढई कलंडवली. उकळता रस्सा मातीतून वाहत आला, माणसं उड्या मारून बाजूला झाली, एका कुत्र्याचे पाय भाजले आणि ते केकाटत पळालं. मग दुसरी कढई गेली, तिसरी गेली. ‘बाटवलं! देवीच्या दारात बाटवलं!’ पहिली काठी दिराच्या खांद्यावर बसली. दुसरी डोक्यात. त्याने एकाला उचलून आपटलं, दुसऱ्याचं नाक फोडलं, तेवढ्यात मागून एकाने चुलाणातलं जळतं लाकूड त्याच्या पाठीत खुपसलं. सदरा पेटला. त्याने तो फाडून काढला आणि कमरेची सुरी उपसली.

‘या! कोन येतंय त्ये या! एकेकाचं आतडं काढतो!’

गर्दी फाकली आणि त्याच्याभोवती कडं झालं. एकजण पुढे सरकला, दिराने सुरी फिरवली, त्याच्या दंडातून रक्ताची चिळकांडी उडाली. आता कुणी काठ्या शोधत नव्हतं. ‘कुऱ्हाड आण! कोयता आण!’ मी हाताला लागेल ते फेकत होते, दगड, भाकरी, पळ्या. माझ्या खांद्यावर काठी बसली, हात लुळा पडला, तरी डाव्या हाताने फेकत होते. मला फक्त एवढं दिसत होतं की माझ्या घरातला शेवटचा पुरुष आता इथे मरणार. एकतर तो कुणाला मारून फासावर जाणार, नाहीतर इथंच याच मातीत पडणार.

मुलाणी कडं तोडून आत गेला. हात रिकामे.

‘सुरी दे.’

‘लांब हो! तुजाबी मुडदा पाडंन!’

‘माजी हाय. दे.’

दिराला कोण समोर आहे तेही दिसत नव्हतं. त्याने वार केला. मुलाण्याने तो चुकवला नाही. त्याने येणारं पातं उजव्या मुठीत धरलं, भाकरी धरावी तसं सरळ. आणि दिराने सुरी सोडवायला मागे हिसडा दिला. घाव झाला तो या हिसड्याने. कोपरापर्यंत रक्त आलं तरी मूठ उघडली नाही. तेव्हा दिराने पहिल्यांदा वर बघितलं आणि त्याला कळलं हात कुणाचा आहे ते. त्याची बोटं सुरीच्या मुठीवरून आपोआप सुटली.

तरी मागून कुणीतरी एक दणका घातलाच आणि दीर गुडघ्यावर आला. मुलाणी त्याच्या पुढ्यात उभा राहिला. ‘आता ज्याला मारायचं त्यानं आदी मला मारावं,’ असं म्हणाला, ओरडून नाही, नेहमीच्या आवाजात. कुणी पुढे आलं नाही. त्याने आईने फेकलेलं मुंडासं सोडलं, दाताने धरून हाताला गुंडाळलं, आणि आबांना विचारलं, ‘मानाचा बोकड कुटं हाय?’

मानाचा बोकड अजून जिवंत होता. देवळासमोरच्या उंबराला बांधलेला, कारण तो पाटलाच्या हातून सुटायचा असतो आणि सगळ्यांत शेवटी. दिराला तो नेता आला नव्हता. मुलाण्याने त्याला पाणी पाजलं. सुरी त्याच्या डाव्या हातात होती. बोकड धरायला माणूस हवा होता आणि गावातलं कुणी जागचं हलेना. तेव्हा दीर उठला नाही, गुडघ्यांवरच सरपटत गेला, पाठीवर भाजल्याचे फोड, तोंडावर रक्त, आणि त्याने बोकडाचे पाय धरले.

मुलाण्याने देवाचं नाव घेतलं. डाव्या हाताला सवय नव्हती. एका फेरीत झालं नाही. दुसऱ्यांदा फिरवावी लागली, तिसऱ्यांदा. त्या दिवशी त्याच्या हाताखाली मी पहिल्यांदा जनावर ओरडताना ऐकलं. एवढा मार खाताना तो रडला नव्हता. आता त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तो बोकडाला म्हणत होता, ‘माफ कर रं बाबा, माफ कर.’

त्या एका बोकडाचं मटण सगळ्या गावाने नखाएवढं नखाएवढं वाटून खाल्लं. दिराने कापलेलं बाकीचं सगळं ओढ्याच्या खळग्यात पुरलं. आबांनी निवाडा दिला, ‘दुकानाला दोस न्हाई. मुलाणी आला, त्यानं कापलं, देवीनं घेतलं. पर ह्यो,’ आणि दिराकडे बोट केलं, ‘ह्यो पुन्ना वेशीच्या आत दिसला तर जित्ता जायाचा न्हाई.’ ज्याच्या दंडाला जखम झाली होती त्याने पोलिसांत जायचं नाही असं गावाने ठरवलं. गावचं गावात मिटलं.

मुलाण्याचा हात दवाखान्यात शिवला. जखम भरली, पण दोन बोटं तळव्याकडे वळली ती वळलीच. पुन्हा कधी उघडली नाहीत.

काही दिवसांनी मुलाणी दुकानात आला, निरोप घ्यायला. इंदुरीच्या पंचांनी विचारलं होतं, हाताला काय झालं? त्याने सांगितलं, बोकडाने झटका दिला. खरं कुणाला बोलला नाही. पंच म्हणाले होते, डाव्या हाताने कापायचं तर काप, पण जनावर घट्ट धरणारा माणूस आण, आमच्या देवापुढे बोकड ओरडता कामा नये. त्याला ना भाऊ, ना चुलता. तो हे मला सांगत होता, आणि मी विचार करत होते की आता याला कुठून माणूस मिळणार, तेवढ्यात मागच्या खोलीतून दीर बाहेर आला. औंढ्यापासून तो तिथेच पडून होता, धड जेवत नव्हता. त्याच्या काखोटीला गाठोडं होतं.

‘वैनी, म्या धरतो. त्यो कापंल.’

मला सगळंच सुचलं, एकदम. दुकानाचं काय? हाडं कोण तोडणार? मुसलमानाच्या दारात राहून त्याच्या हाताखाली जनावरं धरणार, जातीतले काय म्हणतील? मी सगळं बोलले, आणि जे बोलायला नको ते पण बोलले. एका माणसाला जाऊ देताना माझा जीव वर आला होता, आता दुसराही निघाला होता. दीर ऐकत उभा राहिला. मुलाणीही त्याला म्हणाला, ‘नगं रं. ऱ्हा हितं.’

‘माजा हिसडा व्हता,’ दीर म्हणाला.

पुढे मी तळेगावचा एक मुलाणी ठेवला, तो चांगला होता. सत्तूर मी स्वतः हातात घेतला आणि वर्षभरात मांडीचं हाड मलाही एका घावात तोडता यायला लागलं. भाऊबीजेला मी इंदुरीला जाते आणि दोघांना ओवाळते. ती म्हातारी असेपर्यंत दरवर्षी दारात खराटा घेऊन उभी असायची, पण मारायची नाही. मात्र हे सगळं नंतरचं.

त्या दिवशी मी तोंड बंद केलं आणि मामंजींचा नियम आठवून दोन ताटं वाढली. दोघं शेजारी बसले. मुलाण्याला डाव्या हाताने भाकरी मोडता येत नव्हती, ती ताटाबाहेर सरकत होती. दिराने स्वतःचं ताट बाजूला सारलं, त्याची भाकरी घेतली, कुस्करली, वर रस्सा ओतला आणि त्याच्यापुढे ठेवली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. मग दोघंही जेवले, पोटभर.

मी दारात उभी राहून त्यांना जाताना पाहिलं. वजनाने ढलपा उडालेली चौकट हाताला लागत होती. ते वळणापाशी गेले, वळले, आणि दिसेनासे झाले. तेव्हा मी आत गेले, तागडी साखळ्यांसकट खुंटीवरून ओढून काढली आणि होता नव्हता तेवढा जोर लावून रस्त्यात फेकली. पारडी घरंगळत लांबवर गेली. थोड्या वेळाने बंगल्यावरचा एक खानसामा कलेजी घ्यायला आला, म्हणून मी जाऊन ती उचलून आणली.